गाडी उतरते, पार्ट उतरत नाही

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत जाऊन गाडी दाखवायची, पाच हजार रुपये नूतनीकरण शुल्क भरायचं, पर्यावरण कर भरायचा आणि पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यायची. हा नियम मारुती 800ला लागू होता आणि मर्सिडीजलाही लागू आहे. 2025च्या ऑक्टोबरात आपल्या शहरात गाजलेल्या एका खरेदीला पंधरा वर्षं झाली. त्यातल्या ज्या गाड्या अजून धावत असतील, त्यांच्यावर हीच वेळ आली असणार.

तरुण वाचकांसाठी सांगतो. ऑक्टोबर 2010मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक-व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकदम 150 मर्सिडीज घेतल्या. सौदा 65 कोटींचा. स्टेट बँकेने त्यासाठी 40 कोटींहून जास्त कर्ज दिलं, सात टक्के व्याजाने. शहर जगाच्या नकाशावर आलं म्हणून काहींची छाती फुगली. त्याच डिसेंबरात पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये लेख लिहून मर्सिडीजचं व्याज आणि ट्रॅक्टरचं व्याज शेजारी शेजारी ठेवलं, तेव्हा बऱ्याच जणांच्या माना खाली गेल्या. हा वाद मोठा होता, व्हायलाच हवा होता. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न राहून गेला. मराठवाड्यात ही गाडी वापरायला कशी?

आरामाचं आधी बोलू, कारण त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. आमच्या एका स्नेह्यांची जर्मन सेडान आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रारीही यायच्या आहेत. त्या गाडीतून सावंगीला समृद्धीवर चढलो. 701 किलोमीटरचा हा सगळा रस्ता सिमेंटचा. साध्या गाडीत त्यावर टायरची अखंड घरघर ऐकू येते आणि जालना यायच्या आत डोकं जड होतं. या गाडीत काचा वर केल्या की ती घरघर शेजारच्या खोलीतून आल्यासारखी. काटा 120वर आणि आम्ही कुजबुजत्या आवाजात मक्याच्या भावावर बोलतोय. मागच्या सीटवर वहिनी झोपलेल्या. बारा-तेरा वर्षांच्या गाडीत हे सुख मिळत असेल, तर ती बनवणाऱ्याला मानलंच पाहिजे.

मात्र मागच्या सीटची एक गंमत आहे. या गाड्यांमधला सगळा थाट मागे असतो. मर्सिडीजने 2017 साली भारतासाठी ई-क्लासची लांब आवृत्ती काढली, चाकणला तयार होणारी. दोन चाकांतलं अंतर तीन मीटरच्या वर नेलं, ते मागच्या माणसाला पाय पसरता यावेत म्हणून. आणि आपल्याकडे मोठा माणूस बसतो कुठे? पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. आमदार असो, कारखान्याचा संचालक असो, पुढची सीट त्याची. मागे पीए, दोन कार्यकर्ते आणि सत्काराच्या शाली. कंपनीने लाखो रुपये खर्चून सजवलेल्या जागेचा आनंद शालींनी घ्यायचा.

शहराचं या जातीच्या गाड्यांशी नातं नुसतं गिऱ्हाइकाचं नाही. 2001 साली शेंद्र्यात स्कोडाच्या ऑक्टाव्हिया जुळू लागल्या. पुढे सुपर्ब आली, ऑडीची ए6 आणि ए4 आल्या, फोक्सवॅगनची पसाट आली. सुटे भाग खोक्यांतून बंदरावर यायचे, तिथून ट्रकने शेंद्र्याला, आणि इथली आयटीआयची पोरं त्यांची गाडी करायची. सुपर्बच्या मागच्या सीटचं कौतुक करताना लोक थकत नसत. पाय लांब केले तरी पुढच्या सीटला लागत नाहीत. दुसऱ्या पिढीच्या सुपर्बला मागच्या दारात छत्री ठेवायचा कप्पा होता, आत छत्रीसुद्धा. मराठवाड्यात ती वर्षातून किती वेळा बाहेर निघाली असेल, हे मालकांनाच विचारावं. 2023मध्ये ही गाडी इथे बनायची थांबली. पुढच्या एप्रिलात फक्त शंभर गाड्या परदेशातून तयार आणल्या, 54 लाखांना एक. जी गाडी शेंद्र्याची म्हणून मिरवली, ती शेवटी बोटीने आली.

आता समृद्धीवरून उतरून जळगाव रोडला लागू. सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा. हा शंभर किलोमीटरचा रस्ता कित्येक वर्षं उकरून ठेवला होता, ते कुणी विसरलेलं नाही. लेणी बघायला आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या कंबरेलाही ते आठवत असेल. सेडानचं पोट जमिनीला जवळ, टायरची कड बारीक, अलॉय मोठा. खड्ड्यात चाक गेलं की धक्का टायरने सोसायच्या आधीच अलॉयला बसतो. आपले ड्रायव्हर मोठा गतिरोधक दिसला की गाडी तिरकी घालतात; आधी एक चाक, मग दुसरं, म्हणजे पोट घासत नाही. ही विद्या कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत. ती चेंबर एकदा फुटल्यावर येते.

खरा हिशेब गॅरेजमध्ये कळतो. चिकलठाणा एमआयडीसीत एक उस्ताद आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरचं कोटेशन बघून घाबरलेले मालक त्यांच्याकडे येतात. स्नेह्यांची गाडी त्यांनी लिफ्टवर घेतली, तेव्हा मी शेजारी उभा होतो. हातात पहार घेऊन त्यांनी पुढच्या चाकामागचा एक अ‍ॅल्युमिनियमचा आर्म हलवला. त्याच्या टोकाच्या रबरी बुशाला आडव्या भेगा, बोट घातलं तर आतली माती हाताला येत होती. असे आर्म एकेका बाजूला तीन-चार. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर चाक जमिनीला घट्ट धरून ठेवावं, म्हणून जर्मन माणसाने ही सगळी जुळणी केली. साध्या गाडीत असतो एखादा लोअर आर्म आणि दोन बुश. इथे अर्धा डझन सांधे, आणि एप्रिल-मेमधल्या 42 अंशांत, धुळीत त्यातलं रबर आपल्या गतीने वाळत जातं. ज्या रचनेमुळे समृद्धीवर वहिनींना झोप लागली, तीच जळगाव रोडवर बिल वाढवते.

उस्तादांनी पहार खाली ठेवली आणि म्हणाले, ‘‘साब, गाडी का भाव उतरता, पार्ट का नै उतरता.’’

याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. पन्नास लाखांची सेडान दहा-बारा वर्षांत नव्या स्विफ्टच्या भावात मिळते. पण तिचा हेडलाइट, तिचा आर्म, तिचा एबीएस सेन्सर पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावात. पहिला मालक हप्त्यांबरोबर वॉरंटी घेतो. तिसऱ्या मालकाला हप्ता नसतो, वॉरंटीही नसते आणि एकेक भाग बदलायची वेळ नेमकी त्याच्याच कारकिर्दीत येते. लोक म्हणतात, या गाड्या बेभरवशाच्या. माझं मत थोडं वेगळं आहे. गाडी बहुतेक वेळा आपल्या वयाप्रमाणे वागते. खिसा तेवढा तिच्या मूळ किमतीचा राहिलेला नसतो.

अर्थात कंपन्यांना सरसकट सोडून देण्याचंही कारण नाही. फोक्सवॅगन घराण्यातल्या सात गिअरच्या स्वयंचलित डीएसजी गिअरबॉक्सचं प्रकरण जगभर गाजलं. 2013मध्ये कंपनीने सुमारे 16 लाख गाड्या परत बोलावल्या आणि गिअरबॉक्समधलं कृत्रिम तेल काढून खनिज तेल घातलं. गरम, दमट हवेत विजेच्या भागांना त्रास होत होता. या गिअरबॉक्सचे क्लच कोरडे असतात, तेलात बुडालेले नसतात. क्रांती चौकात पुढे-थांब-पुढे असं अर्धा तास चाललं की ते तापतात. 2015 साली डिझेलच्या धुराची लबाडी उघडी पडली. भारतात त्या घराण्यातल्या तीन कंपन्यांना मिळून सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीला बोलवाव्या लागल्या आणि 2019मध्ये हरित लवादाने 500 कोटींचा दंड ठोठावला. तेव्हा ‘जर्मन म्हणजे चूक नाही’ ही समजूत एव्हाना पुसली जायला हवी होती. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गप्पांत ती अजून ठणठणीत आहे.

हवेच्या सस्पेंशनचा प्रकार आणखी निराळा. मोठ्या सेडानमध्ये स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे असतात, कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. रस्ता कसाही असो, आत बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. पण एखादा फुगा झिरपू लागला की रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात टेकलेली सापडते, मांडवात रुसून बसलेल्या जावयासारखी. आणि तिची समजूत काढायला पार्ट मुंबईहून किंवा पुण्याहून मागवावा लागतो. तोवर मालक मुलाच्या स्कूटीवर.

उंदरांचं लिहिलं नाही, तर मालक मंडळी रागावतील. अशी गाडी रोज वापरली जात नाही. लग्नकार्य, मुंबईची मीटिंग, शिर्डी. एरवी कव्हर घालून उभी. बॅटरी उतरते आणि बोनेटखाली उबेला उंदीर येतात. एका गाडीच्या वायरिंगचं सगळं जाळं कुरतडलेलं मी पाहिलं आहे. स्कॅनर लावला तर पडद्यावर चुकांची यादी खाली सरकतच राहिली. मालकाला वाटलं, इंजिन गेलं. उपाय म्हणून लोक बोनेटखाली तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधतात. काहींना गुण येतो. माझ्या मते दोन दिवसांआड गाडी बीड बायपासवर फिरवून आणणं हा जास्त खात्रीचा उपाय आहे, आणि त्याने बॅटरीही भरते.

आता या गाड्या नव्याने येतात त्या दिल्लीहून. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिथल्या चकचकीत सेडान एनओसी घेऊन आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात उतरतात. रंग बघून भुलणारे खूप. एनओसीनंतर इथला कर भरायचा, एमएच-20चा नंबर घ्यायचा, आरटीओच्या चकरा वेगळ्या. हा खर्च सांगताना विकणाऱ्याचा आवाज जरा बारीक होतो.

तरीही मी कुणाला ‘घेऊ नका’ म्हणणार नाही. वाळूजच्या एका वर्कशॉपवाल्यांनी आपली सेडान पहिल्या दिवसापासून नीट ठेवली आहे. तेल वेळेत, कूलंट वेळेत, गिअरबॉक्सचं तेलही कंपनीने न सांगता बदललेलं. प्रत्येक बिल एका फाइलमध्ये, तारखेप्रमाणे. त्यांच्या कारखान्यातल्या सीएनसी मशीनचंही रजिस्टर असंच असतं. ‘‘मशीनला जे करतो तेच गाडीला करतो,’’ ते म्हणाले. ती गाडी आजही दार लावताना ‘धप्प’ असा भरीव आवाज करते. नवी एसयूव्ही घेतलेल्या त्यांच्या मुलाला प्रवासाला निघताना वडिलांचीच किल्ली हवी असते.

बिडकीनला टोयोटाचा 20,000 कोटींचा कारखाना येणार, असा करार 2024च्या जुलैत झाला. उस्तादांना त्याची बातमी सांगितली तर ते हसले आणि म्हणाले, जपानी गाडी आली तर आमच्या लिफ्टवर धूळ बसेल. मला नाही वाटत. जुनी जर्मन सेडान स्वस्तात विकत घेणारा माणूस या शहरात अजून पुष्कळ आहे, आणि तो हौशी आहे.

त्यातले कुणी हे वाचत असतील, तर एवढं करा. गाडी घ्यायच्या आधी ती लिफ्टवर चढवून खालून बघा, आणि हे विकणाऱ्याच्या गॅरेजात नको, आपल्या. रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही कोपरे सारखे आहेत का पाहा. थंड इंजिन स्वतः सुरू करा. बिलांची फाइल मागा. ‘सगळं कंपनीत केलंय’ या तोंडी उत्तरावर पैसे मोजू नका. गाडीच्या किमतीवर आणखी दोन-तीन लाख पहिल्या वर्षासाठी बाजूला काढता येत नसतील, तर साधी नवी गाडी घ्या, सुखात राहाल. आणि व्यवहार ठरवण्याआधी डिकी उघडून स्टेपनी आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत ती मुळातच दिलेली नसते, आणि अजिंठ्याच्या घाटात रात्री तसला टायर कुणाकडेच मिळत नाही.