चाचणी घ्या, फुकट काम नको



‘मुलाखतीतल्या असाइनमेंटला आजची मुलं उगाच नाकं मुरडतात,’ हे गेल्या अंकातल्या पत्रातलं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. चाचणीला कुणाची ना आहे? समोर बसवून तासाभरात चार हेडलाइन लिहून घ्या, खुशाल. माझ्या मुलीला अंधेरीतल्या एका मार्केटिंग एजन्सीने काय दिलं, तर त्यांच्याच एका मसालेवाल्या क्लायंटचं अख्खं दिवाळी कॅम्पेन! महिनाभराच्या इन्स्टाग्राम पोस्ट, रील्सची स्क्रिप्ट, वर बजेटची विभागणीही. शुक्रवारी संध्याकाळी मेल आला, सोमवारी सकाळी सगळं हवं. पोरीने दोन रात्री जागून ते पाठवलं. त्यानंतर ना फोन, ना मेल. एचआरला केलेल्या मेसेजवर निळ्या खुणा तेवढ्या उमटल्या.

असं काम एजन्सीच्याच मालकीचं, असंही पत्रलेखक म्हणतात. ते चूक आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार लिखाणाचा पहिला मालक लिहिणारा असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचं. उमेदवार तर अजून नोकरीत लागलेलाच नसतो. हक्क द्यायचे तर कलम १९ प्रमाणे त्याची लेखी सही लागते. मात्र नुसत्या कल्पनेला हा कायदा संरक्षण देत नाही, आणि पोरं नागवली जातात ती इथेच.

म्हणून एजन्सींनी काल्पनिक ब्रँडवर चाचणी घ्यावी. खऱ्या क्लायंटचं काम हवं असेल, तर आधी मानधन ठरवावं. आणि नकार असला तरी दोन ओळींत कळवावा.

– एक पालक, डोंबिवली