बॉनेट-बंद संप्रदाय

गाडी रोज सकाळी फडक्यानं पुसणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिचं बॉनेट कधीच न उघडणाऱ्यांबद्दल. आणि गंमत म्हणजे हे दोघे एकच गृहस्थ असतात! बॉनेटवर दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूची माळ. आत मात्र गाभारा. तिथं पुजाऱ्यानंच, म्हणजे मेकॅनिकनंच जायचं.

आमचं नरडाणा मुंबई-आग्रा रस्त्यावरचं. मे महिन्यात खानदेशात पारा चाळिशी ओलांडतो. कडेला वाफ ओकणारी गाडी दिसली की हा संप्रदाय भोवती जमतो आणि त्यातला एक हटकून म्हणतो, "झाकण खोल, पाणी टाक. काही व्हत नही भाऊ!"

अहो, होतं! रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सुटलं की दाब जातो आणि तेच पाणी उकळत तोंडावर येतं. घरी कुकर उघडताना दोन हात लांब उभा राहणारा माणूस इथं वाकून का बघतो, हे मला न सुटलेलं कोडं आहे. इंजिन पुरतं गार होऊ द्यावं. आणि ओतायचं ते कूलंट, बोअरचं पाणी नव्हे. त्या पाण्यानं हंड्याला पांढरा थर येतो. रेडिएटर काय जावई आहे? बॅटरीत तर डिस्टिल्ड वॉटरच.

ऑइलची पट्टी हे गाडीचं पासबुक. सपाट जागा, इंजिन बंद करून थोडा वेळ गेलेला, पट्टी पुसून पुन्हा बुडवलेली. तेव्हाच खरी शिल्लक कळते. 'मिनिमम बॅलन्स' हवाच, पण बँकेसारखं इथं 'जास्त असलेलं बरं' चालत नाही. जादा ऑइल आत घुसळलं जातं आणि ताकासारखा फेस होतो.

सर्वांत राग येतो तो ब्रेक ऑइलचा. पातळी उतरली की ही मंडळी गेल्या वर्षीचा उघडा डबा काढून भर घालतात. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डबा सीलबंदच हवा, आणि झाकणावर लिहिलेल्या जातीचाच. शिवाय पातळी उतरते ती पॅड झिजल्यामुळे किंवा कुठंतरी गळतंय म्हणून. नुसती भर घालणं म्हणजे खात्यातली अफरातफर पदरच्या पैशानं झाकणं. उद्या घाटात ब्रेक लागला नाही तर?

हे ऐकून गृहस्थ जांभई देतात. मग मी सांगतो, त्याचा थेंब बॉनेटवर सांडला तर रंग उडतो. तेव्हा कुठं ते ताडकन उठून बसतात.