पारा मोजायचा, तर आधी व्होल्ट पक्का करा

२९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रानं ५२.९ अंश तापमान नोंदवलं. दुसऱ्याच दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राचा आकडा ५६वर गेला. तपासणीत मुंगेशपूरचा सेन्सर ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं, नागपूरचा आकडाही हवामान विभागानं मान्य केला नाही. पण सेन्सर अगदी ठणठणीत असला तरी तेवढीच चूक होऊ शकते. चंद्रपूर-गडचिरोलीत आर्डुइनोवर तापमापक बनवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे माहीत असायला हवं.

एलएम३५ हा स्वस्त सेन्सर अंशामागे १० मिलिव्होल्ट देतो. नवतपात चंद्रपूरचा पारा ४७वर गेला, की ४७० मिलिव्होल्ट. आर्डुइनो उनोमधला एडीसी हा व्होल्टेज एका संदर्भ व्होल्टेजशी ताडतो आणि त्याचे १०२४ भाग करून आकडा सांगतो. वेगळं काही सांगितलं नाही, तर हा संदर्भ म्हणजे बोर्डाला मिळणारा वीजपुरवठा. प्रोग्राम तो ५ व्होल्ट धरून चालतो. लांब, बारीक यूएसबी वायरमुळे प्रत्यक्षात ४.७ व्होल्टच पोहोचले, तर आकडा ९६ऐवजी १०२ येतो आणि पडद्यावर ४७चे जवळपास ५० अंश होतात. सेन्सरचा यात काडीचाही दोष नाही.

किराणा दुकानातल्या वजनांवर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. एडीसीच्या मापालाही तशीच खात्री हवी.

ती मिळते एलएम४०४०सारख्या छोट्या भागातून. त्याचा २.५ व्होल्टचा प्रकार घ्यायचा, ५ व्होल्टपासून १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून बोर्डावरच्या एरेफ (बाह्य संदर्भाच्या) पिनला जोडायचा, दुसरं टोक ग्राउंडला. पिनजवळच ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पुरवठा ४.७वर आला तरी संदर्भ २.५च राहतो. शिवाय एक पायरी सुमारे अर्ध्या अंशावरून पाव अंशावर येते. चिपमधला १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ फुकट मिळतो खरा, पण तो चिपगणिक १.० ते १.२ व्होल्ट असू शकतो; मोजून दुरुस्ती केल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

एक खबरदारी मात्र जिवापाड घ्यावी. बाह्य संदर्भ वापरण्याची आज्ञा प्रोग्राममध्ये पहिल्या वाचनाआधीच हवी. नाहीतर आतला आणि बाहेरचा संदर्भ एकमेकांना भिडून चिप जळू शकते.

प्रत्येक ठिकाणी हा खटाटोप लागत नाही. थर्मिस्टर आणि रेझिस्टरची जोडी एडीसीच्याच पुरवठ्यावर चालत असेल, तर दोन्ही बाजू एकदमच खालीवर होतात आणि चूक आपोआप कटते. तिथे वेगळा संदर्भ लावला, तर उलट बिघडतं.

२०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ उभं राहिलं ते या दोन जिल्ह्यांसाठीच. उष्णता हा इथल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यामुळे इथल्या प्रयोगशाळांनी या बाबतीत काटेकोर असलंच पाहिजे. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एरेफ पिनवर मल्टिमीटर लावावा, पुरवठा ५वरून ४.७वर आणावा आणि पडद्यावरचा आकडा हलतो का ते पाहून मगच गुण द्यावेत.