आधी तार तपासावी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून रद्दीत काढलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक पुस्तिका माझ्या हाती लागली. 'विंडोज ९५' असलेल्या संगणकावर टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट कसे आणावे, हे तीत सांगितले होते. आज त्या माहितीचा उपयोग जवळजवळ शून्य. तरीही मी ती शेवटपर्यंत वाचली आणि एका निराळ्याच प्रश्नावर विचार करू लागले.

प्रत्यक्ष जोडणी त्या पुस्तिकेच्या अगदी शेवटच्या पानावर होती. आधीची सारी पाने तयारीची! मोडेम संगणकाला जोडा. भिंतीतून आलेली तार त्याच्या 'लाइन' लिहिलेल्या खाचेत घाला आणि फोनची तार 'फोन' लिहिलेल्या खाचेत. एक्स्चेंज जुने असेल तर 'पल्स', इलेक्ट्रॉनिक असेल तर 'टोन' निवडा. कॉल वेटिंग बंद करा, नाहीतर मध्येच कोणाचा फोन आला की जोडणी तुटेल. त्याच तारेवर दुसऱ्या खोलीतही फोन असेल तर तो उचलू नका, असे घरच्यांना बजावून ठेवा. तारेत खरखर असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या. मग 'डायल-अप नेटवर्किंग' सीडीवरून संगणकात भरा, टीसीपी-आयपी बसवा, संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. एवढे झाल्यावर कुठे नंबर, नाव आणि पासवर्ड घालावयाचा!

एवढ्या तपशिलाने लिहिणाऱ्या त्या लेखकानेही एक पायरी गृहीत धरलीच होती. ती म्हणजे घरी फोन असणे. आपल्या देशात विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या महानगरांतून. आपले शहर, म्हणजे त्या वेळचे औरंगाबाद, त्यांत नव्हते. जेथे केंद्र नव्हते तेथील माणसाला दूरच्या शहरातील केंद्राला एसटीडीचा दर मोजून फोन लावावा लागे. आणि साध्या फोनसाठीसुद्धा लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत असत. १९९७ पर्यंत मागेल त्याला फोन, हे १९९४ च्या दूरसंचार धोरणाचे उद्दिष्टच होते. यावरून काय ते समजावे. खासगी कंपन्यांना इंटरनेट पुरविण्याची परवानगी मिळाली ती १९९८ च्या अखेरीस. तात्पर्य, ज्यांच्या घरात तार आधीच होती, ते पुढे गेले.

आज तार नाही, मोडेम नाही. खिशातल्या फोनवर बोट ठेवले की जग समोर! म्हणूनच आपली प्राध्यापक मंडळी म्हणतात, "आजच्या मुलांना सगळे येते." मला हे पटत नाही. रील पाहता येणे आणि अर्ज भरता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रथम वर्षाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी मी एका नेट कॅफेत गेले. ईमेल मागितला, माझा नव्हता. दुकानातल्या दादांनी तो तिथल्या तिथे काढून दिला, पासवर्डही त्यांनीच ठरविला. मी तो लिहून घेतला नाही, कारण तो लिहून घ्यावयाचा असतो हेच मला ठाऊक नव्हते. अर्जातील चूक कळविणारे पत्र त्या ईमेलवर येऊन पडले आणि दुरुस्तीची मुदत निघून गेली. ते वर्ष वडिलांनी उसनवारीवर काढले. दादांना मी दोष देत नाही. फोन माझ्या हातात होता, पण तयारी कोणी करून घेतली नव्हती.

ज्यांच्या घरी आई-वडील किंवा मोठी भावंडे शिकलेली आहेत, त्यांची ही तयारी जेवता-जेवता होऊन जाते. आम्हांला मात्र ती चूक करूनच शिकावी लागते, आणि एका चुकीची किंमत एक वर्ष असते. मग "विद्यार्थी निष्काळजी आहेत" असे सूचनाफलकापाशी उभे राहून म्हणणे न्यायाचे आहे का?

माझी सूचना साधी आहे. प्रवेशानंतरच्या पहिल्या आठवड्यात प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संगणक कक्षात दोन तास बसवावे. त्याने स्वतःच्या हाताने ईमेल काढावा, पासवर्ड स्वतः ठरवून लक्षात ठेवावा, कागदपत्रे स्कॅन करून जपून ठेवावी आणि एक नमुना अर्ज शेवटच्या बटणापर्यंत भरून पाहावा. शिकवावयास बाहेरचा माणूस नको. आम्ही द्वितीय वर्षाची मुले-मुली शिकवू. याला पैसा लागत नाही, वेळापत्रकात जागा लागते.

त्या जुन्या पुस्तिकेच्या लेखकाने वाचणाऱ्याला अडाणी म्हटले नाही. त्याने फक्त सांगितले, की आधी तार तपासा. पुढच्या जूनमध्ये गावाकडून जी मुले येतील, त्यांची तार आपण आधी तपासावी, एवढीच विनंती.