शिक्षणाचा रकाना

परवा माझ्या आजोळच्या गावच्या मुंबई मंडळाची सभा दादरला होती. मंडळ यंदा स्मरणिका काढणार आहे. तीत गावातल्या आणि मुंबईतल्या प्रत्येक प्रौढ माणसाची माहिती यायची. एका तरतरीत मुलाने माझ्यापुढे छापील तक्ता सरकवला. नाव, गावचे घर, व्यवसाय आणि मग दोन रकाने: 'शिक्षण कितवीपर्यंत?' आणि 'शाखा कोणती?' नव्या पिढीच्या नावांपुढे वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी असे शब्द वाचून बरे वाटले. दिवंगत मंडळींच्या पानावर मात्र त्या दोन्ही रकान्यांत ओळीने आडव्या रेघा होत्या.

"काका, जुन्या माणसांचं तुम्हांलाच ठाऊक," मुलगा म्हणाला. "नसेल सांगता येत, तर रेघ राहू द्या."

एका नावापाशी मी थबकलो. ते आमचे मामा. सख्खे नव्हेत, आईच्या गावचे, म्हणून मामा. १९६२ च्या सुमारास लालबागला आमच्या समोरच्या खोलीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या एका गावचे पंधरा-वीस गिरणी कामगार राहत. खोली एक आणि पाळ्या तीन; एकाचे अंथरूण गुंडाळले की त्या जागी दुसऱ्याचे पसरायचे. मामा साच्यावर होते. तुटलेला धागा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जोडणारा माणूस, पण हातात कागद आला की तेच हात अवघडत.

मी तेव्हा चौथीत होतो आणि त्या खोलीचा लेखनिक होतो. मजुरी मूठभर चणे. मामांचे पत्र मी लिहायचे. गावाकडे मामींना ते शेजारचा कोणी शाळकरी पोर वाचून दाखवणार आणि त्यांचे उत्तरही तोच लिहिणार. म्हणजे एका नवरा-बायकोचा सारा संसार दोन पोरांच्या तोंडून चालायचा! मनातले काय सांगणार बिचारे? "बरा आहे म्हणून लिव," एवढेच मामा सांगत.

एकदा श्रावणात गावाहून आंतर्देशीय पत्र आले. खाली गोट्यांचा डाव रंगात आला होता. मी वरच्या पाच-सहा ओळी भराभर वाचल्या. पाऊस बरा आहे, लावणी उरकली, म्हैस व्याली. पुढे "बाकी सर्व क्षेम" असे पदरचे घालून पत्र मामांच्या हातात दिले आणि जिना उतरलो.

बाराव्या दिवशी तार आली. मामांची आई गेली होती. पावसाळ्यात बोट बंद. एस्टीने रखडत मामा गावी पोचले, तेव्हा सगळे आटोपले होते.

परत आल्यावर त्यांनी ट्रंकेतून ते पत्र काढले आणि माझ्यापुढे धरले. "भाच्या, ह्ये खालचं वाच." घडीवरच्या दोन ओळी मी वाचल्या. सासूबाईंनी अन्न सोडले आहे, सारखी तुमची आठवण काढतात, मिळेल त्या गाडीने निघून यावे.

"ह्ये व्हतं होय यात!" एवढेच मामा म्हणाले. एक थोबाडीत दिली असती, तर माझ्यावर उपकार झाले असते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मामा पाटी घेऊन साक्षरतेच्या रात्रवर्गाला जाऊ लागले. गिरणगावात अशा वर्गांची परंपरा जुनी. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, तिने कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. पुढे १९३९ साली, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबईत साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. पण दहा तास पायांवर काढलेल्या माणसाने 'क' गिरवायचा म्हणजे काय, ते मी पाहिले आहे. दुपारपाळीचा आठवडा आला की वर्ग बुडे आणि निम्मी बाराखडी पुसली जाई. वर्ष-दीड वर्ष गेले. एके रविवारी मामांनी तेच पत्र काढले आणि ओळीखाली बोट ठेवून, अडखळत, शेवटपर्यंत वाचले. मी समोर बसलो होतो. खोलीत कोणी काही बोलले नाही.

आता त्या रकान्यात काय भरावे? जनगणनेत साक्षर म्हणजे सात वर्षे वा त्यांहून मोठा, कोणत्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येणारा माणूस. त्याला शाळेचा दाखला लागत नाही. शिवाय जनगणना माणूस राहतो तिथे त्याला मोजते. मामा शिकले, ती भर मुंबईच्या खात्यात पडली. मामी राहिल्या रत्नागिरीच्या खात्यात, मनीऑर्डरवर अंगठा उठवीत. गावातले शिक्षण किती, हे मोजताना मुंबईला निघून गेलेले पुरुष वजा झालेले असतात, हे आपण विसरतो. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. साऱ्या राज्यात त्या वर्षी पुरुषांची साक्षरता सुमारे ८८ टक्के होती, स्त्रियांची ७६.

१९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. २०१६ साली मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आजीबाईंची शाळा निघाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून साठी-सत्तरीच्या आज्या तिथे येऊ लागल्या. त्यांची छायाचित्रे पाहून लोक कौतुकाने हसले. मला हसू आले नाही.

मी मामांच्या नावापुढे लिहिले: 'शिक्षण: स्वतःचे पत्र स्वतः वाचण्याइतके. शाखा: रात्रवर्ग, लालबाग.' मुलाने वाचले, माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने मान हलवली.

खालच्या ओळीत मामींचे नाव होते. त्यापुढची रेघ मात्र मला खोडता आली नाही.