पहिली रायफल बोल्टचीच!

अमेरिकेतल्या रेंजवर दोन रिमफायरवाले भेटले की वाद ठरलेला: रुगर १०/२२ की सीझेड ४५७? आपल्याकडे बुलेट की आरएक्स १०० यावरून जुंपते ना, अगदी तसंच.

१०/२२ ही १९६४ पासूनची. ऑटोलोडिंग, १० गोळ्यांचं रोटरी मॅगझिन. बॅरल, ट्रिगर, स्टॉक सगळं घरच्या घरी बदलता येतं. असेंबल्ड पीसीच म्हणा ना! कित्येकांकडे मूळचा फक्त रिसीव्हर उरलेला असतो, आणि तेच कौतुकाने सांगतात. मजा आहे, कबूल. पण पोराला पहिली रायफल म्हणून हीच द्या म्हणतात, ते मला साफ नामंजूर.

रिमफायरमध्ये पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो. तो कडेभर नीट पसरला नसेल, तर पिन आपटूनही बार होत नाही. मग नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, कारण बार उशिराही होऊ शकतो. धडाधड झाडायची सवय लागलेलं पोर थांबेल? बोल्टवाल्या सीझेडमध्ये प्रत्येक गोळीनंतर हात आपोआप थांबतो. नेम कुठे चुकला हेही कळतं.

आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, तेही .२२ नेच. एकेक गोळी भरून, बरं का!

१०/२२ काय, दुसरी म्हणून घ्या की. नाहीतरी या मंडळींचं एका रायफलीवर कधी भागलंय?