दोष हवामानाचा नव्हे!

उत्तर अमेरिकेतील आरंभीच्या इंग्रज वसाहतींविषयी भांडवली इतिहासकारांनी एक सोयीस्कर कथा रूढ केली आहे. न्यू इंग्लंडची जमीन खडकाळ, हिवाळा कडक. म्हणून तेथे लहान शेतकरी, गावसभा आणि शाळा. व्हर्जिनियाची हवा उष्ण, जमीन सुपीक. म्हणून तेथे तंबाखूचे मळे आणि गुलामगिरी. म्हणजे गुलामगिरीचा दोष कोणाचा? हवामानाचा!

प्रादेशिक भेद खरे होते, हे कोणीच नाकारीत नाही. वाद आहे तो त्यांच्या कारणांविषयी. तंबाखूला अपार कष्ट लागतात. परंतु ते कष्ट गुलामांनीच उपसले पाहिजेत, असा निसर्गनियम नाही. १६०७ साली जेम्सटाउन वसविले ते लंडनच्या एका भागीदारी कंपनीने, नफ्यासाठी. तेथील मळ्यांवर आरंभी राबले ते मुख्यतः करारबद्ध इंग्रज गरीब. १६७६ च्या बेकनच्या बंडाचा आरंभ मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या लोभातून झाला, हे खरे. पण त्यात गोरे करारबद्ध मजूर आणि काळे गुलाम एकत्र लढले आणि जेम्सटाउन जळाले. मळेवाल्यांना या एकजुटीची धास्ती बसली. त्यातच इंग्लंडातून येणाऱ्या मजुरांचा ओघ आटत गेला. आफ्रिकन गुलामांची आयात वाढली आणि १७०५ च्या कायद्याने वंशाधिष्ठित गुलामगिरी पक्की केली. या काळात व्हर्जिनियाचे हवामान बदलले नव्हते. बदलली होती ती मालकांची गरज.

आणि उत्तरेचे हात तरी स्वच्छ होते काय? १६३७ च्या युद्धात पराभूत झालेल्या पेक्वॉट लोकांपैकी काहींना मॅसॅच्युसेट्सने वेस्ट इंडीजला गुलाम म्हणून धाडले; १६३८ साली तेच जहाज आफ्रिकन गुलाम घेऊन परतले. १६४१ साली या वसाहतीने गुलामगिरीला आपल्या कायद्यात स्थान दिले. न्यू इंग्लंडची हलक्या प्रतीची खारवलेली मासळी वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांवर गुलामांचे अन्न म्हणून विकली जाई. तेथून येणाऱ्या काकवीची ऱ्होड आयलंडमध्ये रम होई आणि त्या रमच्या बदल्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेतली जात. १७०३ साली याच धर्मनिष्ठ प्युरिटनांनी मूळ रहिवाशाच्या डोक्याच्या सोललेल्या कातडीमागे ४० पौंडांचे बक्षीस लावले, याची नोंद मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात केली आहे.

तात्पर्य, सुसंस्कृत उत्तर आणि रानटी दक्षिण ही विभागणी फसवी आहे. न्यू इंग्लंडच्या गावसभा आणि व्हर्जिनियाचे मळे हिसकावलेल्या भूमीवरच उभे राहिले आणि एकाच अटलांटिक बाजारपेठेने पोसले गेले. जमीन कोणती पिके येतील हे ठरविते. त्या जमिनीवर कोण राबेल आणि कोण खाईल, हे सत्ताधारी वर्ग ठरवितो.